आप्पांना मारायची स्टेप

"आप्पांना मारल्याशिवाय ही टेस्ट पुढं सरकायची नाही," सुकुमार म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

"कोण आप्पा?" मी विचारलं.

"माझे आप्पा. दुसरे कोण?"

बाकीचे हसले. मीही हसले असेन. आमचं ऑफिस तेव्हा कोल्हापुरात राजारामपुरीत, एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. माणसं मोजकीच, त्यामुळे एक जण शिंकला तरी सगळ्यांना कळायचं. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायचं, हा आमचा धंदा. आणि आमचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक म्हणजे सुकुमारच्या तालुक्याच्या गावचं ट्रस्टचं हॉस्पिटल. ते गिऱ्हाईक आणलं होतं सुकुमारनंच. त्याच्या वडिलांचं, भूपाल सातगोंडा मगदूम यांचं, तिथं आठवड्यातून दोनदा डायलिसिस व्हायचं. सोबत म्हणून जाऊन बसता बसता यानं तिथल्या डॉक्टरांना आमच्या कामाची गोडी लावली.

माझं काम टेस्ट रेकॉर्ड करायचं. काउंटरवरच्या बाईसारखं कॉम्प्युटरसमोर बसायचं, पेशंटचं नाव, वय, गाव घालायचं, डायलिसिसची वेळ द्यायची, सेव्ह करायचं. रेकॉर्डर नावाचा प्रोग्रॅम माझी प्रत्येक क्लिक टिपून घ्यायचा आणि हवं तेव्हा तेच सगळं आपलं आपण करून दाखवायचा. सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केला की ही रेकॉर्ड केलेली टेस्ट सोडायची. शेवटपर्यंत बिनबोभाट गेली, तर काही मोडलेलं नाही असं समजायचं. पण रेकॉर्डरला डोकं नसतं. पहिल्या वेळी नोंदवलेला पेशंट दुसऱ्या वेळी आधीच तिथं असायचा, सॉफ्टवेअर म्हणायचं 'या नावाचा रुग्ण अगोदरच आहे', आणि टेस्ट तिथंच बसकण मारायची. अशा जागी रेकॉर्डिंगच्या मध्ये हातानं कोड लिहून एखादी स्टेप घालावी लागते. ते काम सुकुमारचं.

टेस्टमध्ये काहीतरीच नावं घालायची नाहीत, असा आमचे प्रमुख हुद्दार सर यांचा दंडक होता. एकदा कुणीतरी पेशंटचं नाव 'बटाटा' घातलं होतं आणि ते नेमकं बाहेरच्या माणसांपुढं पडद्यावर आलं होतं. तेव्हापासून खरी वाटतील अशी नावं. त्यामुळे जो तो आपल्या घरातलं नाव घालायचा. डायलिसिसच्या टेस्टला सुकुमारनं वडिलांचं नाव सांगितलं आणि मी ते घातलं.

आता त्या नावाची जुनी फाइल बंद कशी करायची? पेशंट पुसून टाकायची सोय आम्ही मुद्दामच ठेवली नव्हती. हॉस्पिटलात तसं चालत नाही. डिस्चार्ज दिला तरी फाइल जागी राहायची. ती कायमची बंद व्हायची ती एकाच कारणानं. म्हणून सुकुमारनं स्टेप लिहिली, ती अशी: टेस्ट सुरू होताच भूपाल सातगोंडा मगदूम या नावाचा पेशंट शोधायचा, सापडला तर त्याचा मृत्यू नोंदवायचा, त्याच्या पुढच्या सगळ्या वेळा मोकळ्या करायच्या आणि मग तोच पेशंट नव्यानं नोंदवायला घ्यायचा.

"अरे, स्वतःच्या बापाला असं मारतात होय?" मी म्हटलं.

"मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. तुझ्या घरी कुणी सांगितलं नाही काय?"

सांगितलं होतं. आमच्याकडं कुणी गेल्याची अफवा आली आणि तो माणूस जिवंत निघाला, की आई हमखास हेच म्हणायची. पण तेवढ्यानं मला चैन पडेना. तेव्हा सुकुमारनं आप्पांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आप्पा, तुमास्नी कॉम्प्युटरमधी मारायला लागतंय. रोजच्या रोज. चालंल न्हवं?"

पलीकडून आधी खोकला आला, मग हसू. "मार की लेका. रोज मार. येरझाऱ्या घालून घालून त्या यमालाबी कटाळा येऊ दे."

तेव्हापासून ऑफिसात ती थट्टाच होऊन बसली. चहाला उठताना कुणीतरी विचारायचं, "सुक्या, आज आप्पाला मारलंस का?" आणि तो म्हणायचा, "सकाळपासनं मोजदाद सोडलीय."

सॉफ्टवेअर हॉस्पिटलात बसलं तेव्हा तिथल्या लोकांना शिकवायला मी महिनाभर त्या गावात राहिले. काउंटरवर शकिला मुल्ला बसायची. तिला हाताशी धरून मी सगळं शिकवलं. हुद्दार सरांनी आग्रह धरून तिथल्या जुन्या कागदी वह्या कपाटात बंद करायला लावल्या होत्या. वह्या समोर राहिल्या की माणसं कॉम्प्युटरकडं वळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरनं चिठ्ठी छापली तरच डायलिसिसची नळ्यांची पिशवी स्टोअरमधून मिळायची. मशिनं थोडी, पेशंट ढीगभर. एखादी वेळ मोकळी झाली रे झाली, की यादीतल्या पुढच्या माणसाच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जायचा. या सोयीवर तर डॉक्टर फारच खूश होते.

आप्पा मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. सूतगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणून जन्म काढलेला उंच, हाडकुळा माणूस. बायको मागंच गेलेली, गावात एकटे राहायचे. सुकुमारनं कोल्हापूरला चला म्हणून किती वेळा सांगितलं, पण ते आपलं घर सोडायला तयार नव्हते. येताना माझ्यासाठी कागदात बांधून भडंग आणायचे आणि रांगेतल्या लोकांना सांगायचे, "ह्यो कॉम्प्युटर माज्या पोरानं केलाय." म्हणजे कॉम्प्युटरच पोरानं केला, असं त्यांना वाटत होतं. मी कधी दुरुस्ती केली नाही.

"काका, एक जरी डायलिसिस चुकलं तरी अंगात पाणी साठतंय बरं का," असं तिथला टेक्निशियन त्यांना दर वेळी बजावायचा. "दोन चुकली तर माझ्याकडं येऊ नका, सरळ वर जावा."

"वर तर मी रोजच जाऊन येतोय," आप्पा माझ्याकडं बघून डोळे मिचकावायचे.

मी कोल्हापूरला परतले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्याच्या एका मोठ्या संस्थेचे लोक आमचं काम बघायला येणार, असं ठरलं. त्यांची बरीच हॉस्पिटलं होती. त्यांना काम पसंत पडलं तर ऑफिस मोठं होणार होतं आणि सुकुमारला त्याचा प्रमुख करायचं हुद्दार सरांनी कबूल केलं होतं. शुक्रवारी डेमो. टेस्ट आपली आपण कशी चालते, तेही त्यांना दाखवायचं होतं. सुकुमारनं हे सगळं फोनवर आप्पांना सांगितलं. अगदी लहान मूल सांगतं तसं सांगत होता. "आप्पा, तुमच्याच हॉस्पिटलात मोठी माणसं येणार हायत. समदं नीट पार पडलं म्हंजे झालं."

"पार पडतंय की," आप्पा म्हणाले. "माजं पोरगं हाय."

सोमवारी हुद्दार सर एकटेच तालीम करायला हॉस्पिटलात जाऊन आले. आले ते शीळ घालत. "टेस्ट एका दमात गेली," म्हणाले. "एका ठिकाणी अडली नाही."

सुकुमार रोज संध्याकाळी ऑफिसातूनच वडिलांना फोन करायचा. मंगळवारीही केला.

"झालं काय आप्पा?"

"झालं की. आज लई पाणी काढलं बग."

शुक्रवारच्या डेमोला हुद्दार सरांबरोबर मी गेले. काही अडलंच तर ऑफिसात माणूस हवा, म्हणून सुकुमार मागे थांबला. हॉस्पिटलच्या आवारात चिंचेच्या झाडाखालच्या बाकावर आप्पा बसलेले दिसले. चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या. मी घाईत होते, तरी जवळ गेले.

"आप्पा, झालं का डायलिसिस?"

"व्हतंय, व्हतंय. तू जा. सायेब लोक वाट बगत्यात." मग जरा दम घेऊन म्हणाले, "पोरी, समदं ब्येस चाललंय न्हवं?"

"अगदी बेस," मी म्हटलं आणि आत गेले.

डेमो झकास झाला. सरावासाठी सॉफ्टवेअरची एक वेगळी प्रत तिथं ठेवलेली होती, तिच्यावर सरांनी टेस्ट सोडली. पडद्यावर नावं आपोआप उमटत होती, खिडक्या उघडत होत्या, मिटत होत्या. पुण्याच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आले तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. परतताना सरांनी वाटेत पेढे घेतले. सुकुमारनं त्यातला एक तोंडात टाकला आणि लगेच गावी फोन लावला. आप्पांचा आवाज खोल येत होता.

"दम लागलाय काय, आप्पा?"

"आत्ताच चालत आलोय, म्हनून. झालं न्हवं तुजं काम?"

"झालं, आप्पा. टाळ्या वाजवल्या लोकांनी."

"मग बास," आप्पा म्हणाले.

शनिवारी दुपारी जेवणाचे डबे उघडले होते, तेवढ्यात मला शकिलाचा फोन आला.

"मॅडम, मगदूमकाका गेले." ती रडत होती. "शेजाऱ्यांनी रिक्षात घालून आणलं, पण दारातच गेले. सुकुमारदादाला शेजाऱ्यांनी कळवलं असेल, पण सिरियस आहेत एवढंच. मी तुम्हाला का फोन केला, तर कॉम्प्युटर घेत नाही."

"काय घेत नाही?"

"मृत्यूची नोंद. चिठ्ठी निघाल्याशिवाय बॉडी देता येत नाही. काकांच्या कार्डाचा नंबर घातला की म्हणतोय, हा रुग्ण आधीच मयत आहे."

समोर सुकुमार फोन कानाला लावून उभा राहिला होता. त्याच्या डब्याचं झाकण खाली पडलं होतं. मी शकिलाला एवढंच म्हटलं, "येतो आम्ही."

मोटारसायकलवर त्याच्या मागे बसून मी गेले. तो वाटेत सारखं एकच बोलत होता. "मंगळवारी झालंय. काल झालंय. मग असं एकाएकी कसं होईल? जेवणात काहीतरी आलं असणार. दुसरं काय असणार?" आप्पा गेले, हे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. ते अंतर कसं कापलं, ते माझं मला ठाऊक. हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर मी त्याचा हात धरला, तेव्हा त्याला कळलं.

तो आत वडिलांपाशी जाऊन आला. रडला नाही. आप्पांचे पाय सुजून खांबासारखे झालेत, एवढंच म्हणाला. मग मला चिंचेखालच्या त्या चपला आठवल्या.

काउंटरच्या आतल्या खुर्चीत बसून त्यानं फाइल उघडली. भूपाल सातगोंडा मगदूम, वय बहात्तर. मृत्यू, सोमवार. नोंद करणारे, हुद्दार. त्याखाली त्याच नावाचा आणखी एक पेशंट होता, वय साठ. माझ्या रेकॉर्डिंगमधला, मी घातलेलं वय. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सोमवारी तालमीला सरांनी सरावाची प्रत समजून हॉस्पिटलचं खरं सॉफ्टवेअर उघडलं होतं. स्टेपनं नाव शोधलं. नाव सापडलं. स्टेपनं तिचं काम केलं होतं.

"मंगळवारी काय झालं?" सुकुमारनं शकिलाला विचारलं. नजर पडद्यावरच होती.

"काका आले ते हसतच आले. मोबाइल दाखवला मला. सोमवारी त्यांना मेसेज आला होता, त्यांच्याच निधनाबद्दल हॉस्पिटल दुःखात सहभागी आहे म्हणून." शकिलानं ओढणी तोंडाशी धरली. "त्यांची वेळ यादीतल्या पुढच्या बाईंना गेली होती. त्या पहाटे निघून लांबनं आल्या होत्या, मशिनवर चढल्यासुद्धा होत्या. टेक्निशियन म्हणाला, त्यांना थोडं लवकर उतरवतो, पण काकाच नको म्हणाले. डॉक्टर गावाला गेलेले. मी हुद्दार सरांना फोन केला. ते मीटिंगमध्ये होते. म्हणाले, 'नावाचा घोळ असेल, नवीन नोंदणी करून टाका.' करायला गेले, तर म्हणतोय, या नावाचा रुग्ण अगोदरच आहे. ती ही साठ वयाची फाइल. तीच काकांची धरली, तर नवा पेशंट म्हणून काका यादीत सगळ्यात खाली गेले. शुक्रवारीही वेळ मिळाली नाही."

"मला का नाही फोन केलास?"

शकिला ओढणीनं डोळे पुसू लागली.

"शकिला, मला का नाही केलास?"

"मंगळवारी मी नंबर लावला होता, दादा. काकांनी माझ्या हातातनं फोन काढून घेतला. म्हणाले, 'शुक्रवारी सायेब लोक येनार हायत. आत्ता ह्ये कळलं तर माज्या पोराचं नाव जाईल. शुक्रवार पार पडू दे, मग मीच सांगतो.' मी म्हटलं, 'काका, जिवाशी खेळ आहे हा.' तर म्हणाले, 'मेल्याची बातमी आली की आयुष्य वाढतंय, पोरी. पोरगं रोज मारतंय मला. काय झालंय का?'"

सुकुमारच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

पुढे चौकशी झाली. हॉस्पिटलनं आमचं सॉफ्टवेअर काढून टाकलं, वह्या कपाटातून बाहेर आल्या. पुण्याचे लोक परत फिरकले नाहीत. सुकुमारनं ही नोकरी सोडली आणि ही विद्याही सोडली. आज तो सूतगिरणीच्या रस्त्यावर मोटारी दुरुस्त करतो. मी गेले की चहा पाजतो आणि आप्पा सोडून सगळ्या विषयांवर बोलतो. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी चिठ्ठी निघायची राहिली होती आणि आप्पा आत पांढऱ्या चादरीखाली पडून होते.

हुद्दार सरांचा फोन आला. सुकुमारनं तो काउंटरवर ठेवून स्पीकर चालू केला.

"सुकुमार, फार वाईट झालं रे. हे बघ, तू आता काही करू नकोस. मी इथून आत शिरून सोमवारची तारीख काढतो आणि आजची घालतो. मग चिठ्ठी निघेल. सोमवारचं कुणाला दिसायचं नाही. तुझ्याही भल्याचं आहे ते. स्टेप तुझीच आहे."

"स्टेप माझीच आहे, सर."

"मग करू का?"

"नको. सोमवारी आप्पा जिवंत होते. मंगळवारी ते इथं आले होते. शुक्रवारी आले होते. ते सगळं त्यात दिसलं पाहिजे."

"सुकुमार, ऐक माझं—"

त्यानं फोन बंद केला. पाठीवरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला आणि जोडला. मेलेल्याची फाइल पुन्हा उघडायची सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. तशी वेळ येईल, असं आमच्या कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आता तो ती स्टेप लिहायला बसला. भूपाल सातगोंडा मगदूम, वय बहात्तर. या वेळी त्यानं नावावर भागवलं नाही. गाव, वय, कार्डाचा नंबर, सगळं जुळवून घेतलं. आप्पांना मारायला नुसतं नाव पुरलं होतं. दारात त्यांचे शेजारी टोप्या हातात घेऊन उभे होते. हा मुलगा बापाला सोडून कॉम्प्युटरवर काय करत बसलाय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्यानं स्टेप चालवली. पडद्यावरचं करडं पडलेलं नाव काळं झालं. फाइल चालू. खाली एकेक ओळ भराभर उमटली. मोकळ्या करून टाकलेल्या पुढच्या वेळांपैकी ज्या अजून कुणाला गेल्या नव्हत्या, त्या परत आप्पांच्या नावावर आल्या.

नर्सनं आणून दिलेली प्लॅस्टिकची पिशवी काउंटरवर होती. आप्पांचा चष्मा, रुमाल, कार्ड आणि मोबाइल. पिशवीतला मोबाइल वाजला.

शकिला दचकून मागे सरली. सुकुमारनं पिशवीत हात घातला, मोबाइल काढला आणि वाचला. मग माझ्यापुढं धरला. भूपाल सातगोंडा मगदूम, आपली डायलिसिसची पुढील वेळ मंगळवार, सकाळी. कृपया वेळेवर यावे. त्याच्या वर सोमवारचा मेसेज होता, दुःखात सहभागी असल्याचा.

"रोहिणी," तो म्हणाला, "आता आप्पा जिवंत आहेत."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हटलं, "मी करू का पुढचं?"

"नको. मीच करतो."

एक बटण दाबलं असतं तर त्याच्या जुन्या स्टेपनं हे काम क्षणात केलं असतं. त्यानं ती उघडली नाही. माऊस हातात घेऊन, काउंटरवरची बाई करते तसं, एकेक रकाना भरत गेला. मृत्यू. शनिवार. दुपार. नातेवाईक, मुलगा. शेवटी सॉफ्टवेअरनं विचारलं, 'खात्री आहे का?' हा प्रश्न आम्हीच घातलेला होता. टेस्टमध्ये तो कधी दिसलाच नव्हता, कारण त्याची स्टेप तो टाळून पुढं जायची.

सुकुमार त्या प्रश्नाकडं बघत किती तरी वेळ बसला. दारातल्या शेजाऱ्यांपैकी एक म्हातारा पुढं आला आणि हळूच म्हणाला, "लेकरा, उशीर व्हतोय. मावळायच्या आत न्यायला पायजे."

त्यानं 'हो' दाबलं. काउंटरखालचा प्रिंटर खरखरला आणि चिठ्ठी बाहेर येऊ लागली. शकिलानं ती घ्यायला हात पुढं केला.

सुकुमारच्या मुठीतला मोबाइल पुन्हा वाजला. त्यानं तो उघडून पाहिला नाही. त्यात काय आलंय, ते आम्हाला तिघांनाही माहीत होतं.